अकीक: पट्टे निसर्गाचे, भोक माणसाचं



आज बोलायला सुरुवात करण्याआधी दोन दगड तुमच्यात फिरवायला देतो. एक आहे ओबडधोबड, बटाट्याएवढा. दौंडच्या पुढे भीमेच्या पात्रात, वाळूत सापडलेला. दुसरा आहे मणी, बोटाच्या एका पेराएवढा, गुजरातमधल्या खंबातच्या बाजारात विकत घेतलेला. दोन्ही हातात घ्या, खिडकीकडे धरून बघा आणि मग शेजारच्याला द्या. जे हे व्याख्यान नंतर ऐकतील किंवा वाचतील त्यांनी घरात आजीच्या पेटीत, एखाद्या अंगठीत किंवा जुन्या जपमाळेत पट्ट्यापट्ट्यांचा दगड आहे का ते शोधा. बहुतेक घरांत एखादा तरी निघतो.

या दगडाचं नाव अकीक. इंग्रजीतला अगेट. आजचा विषय आहे हा दगड ओळखायचा कसा आणि त्याची किंमत करायची कशी. किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, ते सराफ सांगेल. मी इतिहासाच्या बाजूनं बोलणार आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. अकीक हा मूळ अरबी शब्द. बाजारात त्याचंच हकीक झालं. काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा असला की दुकानदार त्याला सुलेमानी म्हणतो. काही जुन्या कोशांत अगेटला गोमेद असा प्रतिशब्द दिलेला दिसतो, पण नवरत्नांतला गोमेद वेगळा. तो मधाच्या रंगाचा, गार्नेटच्या कुळातला. तेव्हा अंगठी करून घेताना नुसत्या नावावर जाऊ नका. आणि आपल्याकडे खेड्यात या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे: गारगोटी. चकमक झाडायला जी वापरायचे तीच. ज्याला आपण लहानपणी एकमेकांवर आपटून ठिणगी काढत होतो, तो दगड आणि राणीच्या गळ्यातला दगड एकाच कुळातले आहेत, हे आजच्या विषयाचं पहिलं सूत्र धरा.

त्या कुळाचं शास्त्रीय नाव कॅल्सेडोनी. म्हणजे क्वार्ट्झच, पण त्याचे स्फटिक इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. एकसारखा तांबडा असला तर कार्नेलियन. पट्टे असले तर अकीक. पट्टे सरळ, एकमेकांना समांतर असले तर ओनिक्स. ओनिक्स या ग्रीक शब्दाचा अर्थ नख. नखाच्या मुळाशी फिकट चंद्रकोर असते ना, तशी या दगडातली पांढरी रेघ. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो पैठणला घेऊन जाणार आहे.

आता हे पट्टे येतात कुठून? आपण ज्या जमिनीवर बसलोय ती साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाची आहे. दख्खनचा काळा दगड, बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले आणि भाकरीला पापुद्रा सुटताना आत पोकळी राहावी तशा पोकळ्या राहिल्या. त्यांच्यातून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. पोकळीच्या भिंतीवर आतून एक थर बसला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पाण्यात लोह असेल तर थर तांबूस किंवा पिवळसर, नसेल तर पांढरा किंवा राखाडी. म्हणून अकीकाचे पट्टे बाहेरच्या कडेला धरून आत आत जातात, नकाशातल्या समोच्चरेषांसारखे. मध्यभागी जागा उरली तर तिथे मोठे चमकदार स्फटिक वाढतात. पुढे आजूबाजूचा बेसाल्ट झिजून माती झाला, पण ही गाठ झिजली नाही. ती सुटून ओढ्यात आली, ओढ्यातून नदीत. तो भीमेतला दगड असाच तिथवर आला.

आता ओळखायच्या खुणा. चार सांगतो, चारही घरी करून बघता येतील.

पहिली, उजेड. दगडाची पातळ कड उजेडासमोर धरा. अकीक काचेसारखा आरपार नसतो आणि खडूसारखा बंदही नसतो. कडेतून उजेड झिरपतो, दुधाळ काचेतून यावा तसा. साधा रंगीत जास्पर असेल तर उजेड अडतो.

दुसरी, कठीणपणा. मोजपट्टीवर अकीक साडेसहा ते सातच्या दरम्यान येतो. चाकूचं पोलाद आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे चाकूनं अकीकावर ओरखडा उठत नाही, उलट अकीक काचेवर ओरखडा काढतो. बाजारात ओनिक्स म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या फुलदाण्या आणि पेले मिळतात, ते बहुतेक वेळा कॅल्साइट असतं, संगमरवराचं भावंडं. त्यावर चाकू सहज चालतो आणि त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकलं तर बारीक फेस येतो. पाहुण्याच्या घरी हा प्रयोग करू नका.

तिसरी, पट्टे. भिंग घेऊन बघा. खऱ्या अकीकात एक पट्टा दुसऱ्याइतका जाड नसतो आणि कोपऱ्यावर पट्टे टोकदार वळतात. काचेच्या नकलेत रंग ढवळल्यासारखे वाहतात आणि आत गोल बुडबुडे दिसतात.

चौथी, रंग. गर्द निळा, गुलाबी, पोपटी अकीक दिसला तर तो रंगवलेला समजा. दगड खरा असतो, रंग नंतरचा असतो. अकीकाला अतिशय बारीक छिद्रं असतात, त्यामुळे तो रंग पितो. जर्मनीत इडार-ओबरस्टाइन नावाचं गाव आहे. तिथल्या कारागिरांनी १९व्या शतकात यात प्रावीण्य मिळवलं. ब्राझीलमधून अकीक यायचा, तो साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग गंधकाच्या तेजाबात टाकायचा. आतली साखर जळून कोळसा होते आणि पट्टा काळा कुळकुळीत होतो. काही थर पाक पितात, काही पीत नाहीत, म्हणून काळ्याशेजारी शुभ्र पांढरा पट्टा राहतो. रंगवलेल्या दगडात चिरेच्या कडेनं रंग गडद साचलेला दिसतो. ती त्याची खूण.

इथपर्यंत दगडाची ओळख झाली. पण हे सगळं त्या भीमेतल्या दगडाबद्दलही खरं आहे आणि मण्याबद्दलही. मग दोघांत फरक काय? आता मणी ज्यांच्या हातात आहे त्यांनी पट्टे बघणं थांबवा आणि भोकातून बघा. मण्याच्या भोकाला मराठीत एक चांगला शब्द आहे, वेज. मोत्याला वेज पाडतात, कानाला वेज पाडतात. पट्टे करायला निसर्गाला कोणाची मदत लागली नाही. वेज मात्र माणसानं पाडलंय, आणि इतिहास त्या वेजात आहे.

विचार करा, पोलादालाही दाद न देणाऱ्या दगडाला आरपार भोक पाडायचं, तेही लोखंड माहीत नसलेल्या काळात. कसं पाडलं असेल?

आपल्या मातीत या दगडाचा पहिला उपयोग दागिना नव्हता, पातं होतं. प्रवरेकाठचं जोर्वे, नेवासं, घोड नदीकाठचं इनामगाव ही आपली ताम्रपाषाणयुगीन गावं. डेक्कन कॉलेजनं इनामगावला १९६८ ते १९८३ अशी दीर्घ काळ उत्खननं केली. या गावांत तांबं होतं, पण थोडं. रोजचं कापणं-सोलणं व्हायचं ते कॅल्सेडोनीच्या लहान लहान पात्यांनी. गारगोटीच्या गाभ्यावरून लांबट, समांतर कडांची पाती काढायची, आणि ती लाकडात किंवा हाडात बसवायची. हा दगड फोडला की शिंपल्यासारखा वक्र फुटतो आणि कड वस्तऱ्यासारखी येते. दगड कुठे मारला की कसा फुटतो हे ज्ञान हजारो वर्षं हातातून हातात आलेलं होतं. मणी करणाऱ्याची पहिली पायरी हीच आहे.

त्या ज्ञानाची सगळ्यात मोठी झेप आपल्याला सिंधू संस्कृतीत दिसते, इसवी सनापूर्वी साधारण २६०० ते १९०० या काळात. सिंधमधलं चान्हुदडो अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये खणलं, तिथे मण्यांचा कारखाना निघाला. गुजरातमधलं लोथल एस. आर. राव यांनी १९५५ पासून खणलं, तिथेही कार्यशाळा, भट्टी आणि अर्धवट राहिलेले मणी सापडले. इतिहास अभ्यासणाऱ्याला अर्धवट मण्याचा आनंद पूर्ण मण्यापेक्षा जास्त होतो, कारण काम कसं चाललं होतं ते अर्धवट मणी सांगतो. या लोकांचे लांबट तांबडे मणी इराकमध्ये उर इथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत लिओनार्ड वूली यांना मिळाले. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी इथला दगड समुद्रमार्गे मेसोपोटेमियात जात होता, आणि तोही तिथल्या श्रीमंतांच्या गळ्यात.

वेज पाडायला त्यांनी एका खास, अतिशय चिवट दगडाची सळई वापरली. संशोधकांनी त्या दगडाला मॅके यांच्या नावावरून अर्नेस्टाइट म्हटलं. आपल्या सुताराचा सामता आठवा. काठीला दोरी गुंडाळायची, धनुकलीनं पुढे-मागे ओढायची, काठी गरगर फिरते. तसंच यंत्र, टोकाला ही सळई. मार्क केनॉयर आणि मास्सिमो विदाले यांनी तशी टोकं वापरून प्रयोग केले तेव्हा वेग निघाला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. आता हिशेब करा. १० सेंटिमीटर लांबीचा मणी घेतला तर नुसतं भोक पाडायला ४० तास. त्यात दगड फोडणं, घासणं, चकाकी देणं धरलेलं नाही. शिवाय भोक दोन्ही टोकांकडून पाडत मध्ये गाठ घालायची. ३९व्या तासाला मणी तडकला तर सगळं गेलं.

मोहेंजोदडोला अशा लांब मण्यांचा एक कमरपट्टा मिळाला. फाळणीच्या वेळी वस्तूंची वाटणी झाली, त्यात तो पट्टाही अर्धा अर्धा वाटला गेला. एका माणसाच्या महिनोन् महिन्यांच्या मेहनतीची पुढे चार हजार वर्षांनी अशी वाटणी झाली.

आता महाराष्ट्रात परत येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’. त्याचं नाव आपल्याला कळलेलं नाही. तो सांगतो, बॅरिगाझा म्हणजे भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. या गावांहून अवघड वाटांनी गाड्यांतून माल भडोचला उतरतो. तगरहून कापड येतं आणि पैठणहून काय येतं? पुष्कळ ओनिक्सचा दगड. मघाचा तो नखाचा शब्द. सातवाहनांच्या राजधानीतून, म्हणजे पैठणमधून, गाड्या भरभरून जायचा तो हाच आपला पट्ट्यापट्ट्यांचा दगड. आपण पैठण म्हटलं की पैठणी म्हणतो. त्या व्यापाऱ्यानं पैठण म्हटल्यावर दगड म्हटलं असतं. रोमन श्रीमंतांना ओनिक्सचे पेले आणि कोरीव मुद्रांच्या अंगठ्या फार प्रिय होत्या, त्यामुळे या दगडाला तिकडे मोठी मागणी होती.

नागपूर-काटोल रस्त्याजवळ माहूरझरी आहे. तिथे महापाषाणयुगीन दफनं आहेत आणि त्याचबरोबर मणी बनवण्याचं मोठं केंद्र होतं. अकीक, कार्नेलियन, स्फटिक, यांचे पूर्ण मणी, अपूर्ण मणी आणि छिलक्यांचा खच. तेरच्या संग्रहालयात गेलात तर मण्यांच्या काचपेटीपुढे जरा जास्त वेळ थांबा. बहुतेक लोक हस्तिदंती बाहुली बघून पुढे निघतात.

पुढच्या काळात हा धंदा एकवटला तो खंबातला. दगड यायचा नर्मदेच्या दक्षिणेकडच्या रतनपूर-राजपीपळा भागातून. तिथला अकीकही मूळ दख्खनच्या लाव्हातलाच, जुन्या नद्यांनी वाहून आणून खडकाळ थरात पुरलेला. १६व्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानं तिथल्या खाणी, दगड भाजून लाल करण्याची रीत आणि खंबातचे कारागीर यांचं वर्णन केलं आहे. रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे. अकीकाचा धंदा त्यांनी वाढवला अशी परंपरा सांगते. ते आफ्रिकेतून आलेले मानले जातात आणि सिद्दी समाज त्यांना मानतो. ज्या किनाऱ्याकडे मणी जात होते त्याच किनाऱ्याकडून माणसं येत होती.

खंबातची रीत ऐका, कारण ती पाहायला मिळणं दिवसेंदिवस कमी होत चाललंय. दगड आधी महिनोन् महिने उन्हात वाळवतात, म्हणजे आतलं पाणी जातं. मग मडक्यात घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. पिवळं लोह तांबडं होतं आणि दगड फोडायला सोपा होतो. मग कारागीर जमिनीत तिरपी टोकदार लोखंडी सळई रोवून बसतो, दगड त्या टोकाला टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं टोला देतो. घाव वरून, पण छिलका निघतो खालच्या बाजूनं, सळईच्या टोकापाशी. हातोडी शिंगाची, कारण लोखंडाची मारली तर दगडाचा चुरा होईल. मग घासणं, मग हिऱ्याचं टोक लावलेल्या सामत्यानं वेज, मग चकाकी. केनॉयर, विदाले आणि बडोद्याचे कुलदीप भान खंबातला कारागिरांजवळ बसून हे शिकले आणि त्यातूनच हडप्पाच्या छिलक्यांचा अर्थ लागला. म्हणजे पुरातत्त्वाला जे कळलं, ते या कारागिरांनी शिकवलं. त्यांची नावं फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो.

तो मणी किती गुळगुळीत आहे बघा. ती चकाकी कशी आली? दगड घासून. घासलेला दगड गेला कुठे? धुळीत. आणि धूळ कुठे गेली? घासणाऱ्याच्या छातीत. सिलिकाचे सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात. तिथे व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. हा आजार बरा होत नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर शिरतो. विजेवर फिरणारं चाक आलं तसा घासण्याचा वेग वाढला आणि धूळही वाढली. काम घरातच चालतं, त्यामुळे चाकावर न बसणारी बायकामुलं आणि शेजारीही तीच हवा घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं खंबातचा अभ्यास केला, धूळ ओढून घेणारं उपकरणही तयार केलं. उपाय माहीत आहे: पाणी सोडून घासायचं आणि धूळ जागच्या जागी ओढून घ्यायची. पण मालक कागदावर नसतो, मजुरी नगावर मिळते, आणि उपकरणाची वीज कोणी भरायची यावर गाडी अडते. मी खंबातला एका गल्लीत गेलो होतो. मणी दाखवणारे चाचा साठीचे वाटले. वय विचारलं तर बेचाळीस म्हणाले. तुमच्या हातातला मणी त्यांच्याकडचा आहे.

पेरिप्लसमध्ये दिवस मोजलेत, गाड्या आहेत, माल आहे. खोकला नाही. लोथलच्या कार्यशाळेतही धूळ उडालीच असणार, पण उत्खननात धूळ सापडत नाही. म्हणून इतिहास लिहिणाऱ्यानं ती आठवणीनं लिहायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

वेळ झाली. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: मणी जुना आहे की नवा, ते घरच्या घरी कळेल का?

नक्की नाही, पण अंदाज येतो. पुन्हा वेजाकडेच बघा. दगडी टोकानं पाडलेलं वेज बऱ्याचदा दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद असतं, डमरूसारखं. मध्ये जिथे दोन बाजू मिळाल्या तिथे थोडी पायरी लागते. हिऱ्याच्या टोकानं बारीक, सारख्या रेघा येतात. अगदी सरळ नळीसारखं, दोन्हीकडे तंतोतंत जुळणारं वेज यंत्राचं. शिवाय शतकानुशतकं दोऱ्यात वापरलेल्या मण्याच्या वेजाची कड दोऱ्यानं गोलसर झिजते. मात्र शेतात, नदीकाठी किंवा पांढरीच्या टेकाडावर जुना मणी सापडला तर खिशात घालू नका. कुठे सापडला ती जागा टिपून पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. मणी जागेवरून हलला की त्याचा अर्धा इतिहास गेला.

प्रश्न: मग हे ऐकल्यावर आम्ही अकीक विकत घ्यायचाच नाही का?

ताई, तुम्ही घेणं बंद केलंत तर चाचांची धूळ थांबेल, पण चूलही थांबेल. त्यांना विचारलं तर ते घ्या म्हणतील. मी असं करतो. घेताना विचारतो, हा कुठे घासला, पाण्यावर घासला की कोरडा? बहुतेक दुकानदारांना उत्तर माहीत नसतं. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवतो. आणि दुसरं, घासाघीस कमी करतो. आपण भाव पाडतो तेव्हा आधी कापलं जातं ते पाणी आणि पंखा.

मणी परत आला का इकडे? हां, द्या. आणि तो भीमेतला दगड कोणाला हवा असेल तर घेऊन जा. तसे दगड नदीत पुष्कळ आहेत.